तरुणांचे मत आणि गावची सभा

तरुणांनी राजकारणात पडावे की पडू नये, हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. परीक्षा जवळ आली की वडीलधारी मंडळी ‘पडू नये’ म्हणतात, आणि निवडणूक जवळ आली की तीच मंडळी पोरांच्या हाती झेंडे देतात. त्या वादात आम्ही शिरत नाही. आपल्या भागाने या प्रश्नास दोन वेळा उत्तर दिले आहे. ते काय होते, आणि पुढे सरकारी धोरण कोठवर आले, एवढेच आज पाहावयाचे आहे.

पहिले उत्तर नंदुरबारचे. ९ सप्टेंबर १९४२ रोजी, ‘चले जाव’च्या ठरावास महिना होऊन गेला असता, तेथील मुलांनी तिरंगा घेऊन मिरवणूक काढली. पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा असे पाच जण त्यात प्राणास मुकले. शिरीषकुमारचा जन्म डिसेंबर १९२६ चा. म्हणजे त्यास सोळावे वर्ष चालू होते.

ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. परंतु तिची एक बाजू सहसा ध्यानात येत नाही. १९३५ च्या कायद्याप्रमाणे मताचा हक्क मालमत्ता, कर आणि शिक्षण यांवर ठरत असे. बहुसंख्य प्रौढांनाच जेथे मत नव्हते, तेथे शाळकरी मुलांना कोण विचारतो? देशाचा कारभार आपला आहे, ही जाणीव त्यांना कोणत्याही सरकारी योजनेने दिली नव्हती. ती खानदेशात शाळांतून, वसतिगृहांतून आणि प्रभातफेऱ्यांतून आली. अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत, ते याच मुलुखात. अशा लहान लहान कामांतून पिढी तयार होत असते.

दुसरे उत्तर शहाद्याचे. स्वराज्य आले, १९५० च्या घटनेने एकवीस वर्षांवरील प्रत्येकास मत दिले. तथापि मत हाती आले म्हणून सालदाराची मजुरी वाढली नाही, की भिल्लाच्या हातून गेलेली जमीन परत आली नाही. तेव्हा अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे आदिवासी कार्यकर्ते उभे राहिले. जानेवारी १९७२ मध्ये शहाद्यास भूमुक्ती मेळावा भरला, त्याच वर्षी श्रमिक संघटना निघाली. शहरांतून शिकलेले तरुण येऊन पाड्यांवर राहिले; बायकांनी दारूची मडकी फोडली. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा राज्याचा १९७४ चा कायदा याच काळातला. येथे तरुणांस मत होते, पण नुसत्या मताने भागत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

आता सरकारी धोरणाकडे वळू. गांधी-जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. १९७२ मध्ये नेहरू युवक केंद्रे निघाली. देशाचे पहिले युवा धोरण १९८८ चे. पुढे २००३ व २०१४ मध्ये ते नव्याने मांडले गेले. ६१ व्या घटनादुरुस्तीने २८ मार्च १९८९ पासून मतदाराचे वय एकवीसवरून अठरावर आले. २०११ पासून २५ जानेवारी हा राष्ट्रीय मतदार दिवस पाळला जातो. पुढे कायदा बदलून नाव नोंदविण्यासाठी वर्षातून एकाऐवजी चार पात्रता-तारखा ठरल्या. हे सर्व चांगलेच झाले. परंतु या धोरणांचा भर तरुणास मतदानापर्यंत आणून सोडण्यावर आहे. मतदान आटोपल्यावर पाच वर्षे त्याने काय करावे?

याचे उत्तर शोधण्यास दिल्लीस जावयास नको. पंचायतीची निवडणूक लढवावयास एकवीस वर्षे लागतात, विधानसभेची लढवावयास पंचवीस. मात्र गावच्या मतदारयादीत नाव लागले की अठरा वर्षांचा मुलगा वा मुलगी ग्रामसभेची सभासद होते. तेथे तिचा शब्द सरपंचाच्या शब्दाइतकाच वजनाचा. विसरवाडी ज्या नवापूर तालुक्यात आहे, तो अनुसूचित क्षेत्रातला. १९९६ च्या पेसा कायद्याने येथील ग्रामसभेस गौण वनोपजाची मालकी, गावच्या योजनांस मंजुरी, निधीच्या खर्चाचा दाखला देणे असे मोठे अधिकार दिले आहेत. २०१४ मध्ये राज्याने त्याचे नियम केले, आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट अशा गावांकडे देण्याचे ठरले. अठरा वर्षांच्या नागरिकास खरा अधिकार देणारी याहून जवळची जागा आम्हांस दिसत नाही.

मग अडचण कोठे आहे? आपल्या भागातील पुष्कळ तरुण जोडपी दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात, आणि उन्हाळा येईतो परतत नाहीत. २६ जानेवारीची ग्रामसभा त्यांच्या गैरहजेरीत होते. मग ठरावाच्या वहीत त्यांचे काही उमटत नाही, आणि मागाहून आपणच म्हणतो की पोरांना गावाची आस्था नाही. सभेची तारीख चुकली तर एकवेळ भागते. पण मुलाचे पहिले वर्ष असे गेले, दुसरे असे गेले, की सभेला जावयाचे असते हेच तो विसरतो.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. टोळ्या परत येतात त्या सुमारास महत्त्वाचे विषय घेणारी सभा ठेवावी. नवीन नाव यादीत लागलेल्या प्रत्येकास निरोप जावा. ठरावाची वही वाचून दाखविण्याचे काम शिकलेल्या मुलामुलींकडे द्यावे, म्हणजे खर्चाचा हिशेब विचारावयाचा कसा, हे त्यांना आपोआप कळेल. वडीलधाऱ्यांस त्यांचे प्रश्न कधी टोचतील, ते सोसावे. नंदुरबारच्या मुलांना प्रश्न विचारण्यास जागाच नव्हती, म्हणून ती रस्त्यावर आली. आपल्या मुलांसाठी जागा आहे. तेथे त्यांना बसू देणे, एवढे आपल्या हाती आहे.