स्टेन्सिलवरचं अंतराळयान

'स्टार ट्रेक' अमेरिकेत १९६६ साली सुरू झाली. पुढच्याच वर्षी 'स्पॉकॅनालिया' हा चाहत्यांचा अंक निघाला. स्टेन्सिल कापायची, दांडा फिरवायचा, हात शाईनं काळे. आपलं सायक्लोस्टाइलच की! आम्ही त्यावर तत्त्वज्ञानाची टिपणं वाटली आहेत. आणि हे काम करणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या, हे ध्यानात ठेवा.

मालिका बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा ट्रिम्बल दांपत्यानं पत्रमोहीम उभारली. मार्च १९६८ मध्ये एनबीसीनं पडद्यावरच जाहीर केलं, मालिका चालू राहील. पण वेळ दिली शुक्रवारी रात्री दहाची! तरुण प्रेक्षक तेव्हा घरी कुठला असायला? १९६९ मध्ये मालिका संपली. आता बघा, अंक मात्र सत्तरच्या दशकात वाढतच गेले. १९७६ साली 'नासा'च्या पहिल्या शटलला मालिकेतल्या यानाचं 'एंटरप्राइज' हे नाव मिळालं, तेही चाहत्यांच्या पत्रांमुळे.