पांढरकवड्याची सरकी आणि गॉसिपॉल

केळापूर तालुक्याचे ठिकाण असलेल्या पांढरकवड्याची ओळख कापसाची. जिनिंगमध्ये आलेल्या कापसातून वजनाने जेमतेम एक तृतीयांश रुई निघते. बाकी जवळपास सगळी सरकी. तरी या व्यापाराचा इतिहास रुईचाच लिहिला गेला. 1853 मध्ये निजामाचे वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. पुढे 1861 ते 1865 या काळातल्या अमेरिकी यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना रुई मिळेना आणि वऱ्हाडच्या गाठींना एकाएकी भाव चढला. पांढरकवडा ज्यात येते त्या जिल्ह्याचे यवतमाळ हे नाव 1905 चे; तोवर जिल्हा वणीच्या नावाने ओळखला जाई. मुर्तिजापूरहून यवतमाळला आलेल्या अरुंद रुळांच्या मार्गाबाहेर पांढरकवडा राहिला, त्यामुळे इथला माल दीर्घकाळ बैलगाडीच्याच भरवशावर होता.

सरकीचा मान दुय्यम. घरच्या रेच्यावर कापूस रेचला की थोडी सरकी बियाण्याला ठेवायची, बाकीची भिजवून बैलांना आणि दुभत्या जनावरांना घालायची. तेल काढल्यावर उरते ती ढेप, तीही गोठ्यातच जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई बंदरातून सरकी थेट इंग्लंडमधल्या हलच्या तेल गिरण्यांना जाऊ लागली, तेव्हा कुठे तिला स्वतंत्र बाजार मिळाला.

सरकी फोडली की गरात काळपट ठिपके दिसतात. या ग्रंथींत गॉसिपॉल नावाचे पिवळे रंगद्रव्य असते. अळ्या-किडींनी आपल्याला खाऊ नये म्हणून कपाशीने केलेली ही तजवीज आहे. इंग्लंडमध्ये लाँगमोर यांनी 1886 मध्ये सरकी तेलाच्या गाळातून ते वेगळे काढले. 1899 मध्ये पोलिश रसायनशास्त्रज्ञ मार्खलेव्स्की यांनी त्याचे शुद्ध स्फटिक मिळवून नाव दिले. रवंथ करणाऱ्या गुरांच्या पोटात ते बरेचसे बांधले जाऊन निष्प्रभ होते. वासरे, कोंबड्या, डुकरे आणि माणूस यांना ती सोय नाही. म्हणूनच सरकीचे तेल अल्कलीने शुद्ध केल्याशिवाय स्वयंपाकात वापरत नाहीत. गोठ्याला मानवणारी गोष्ट स्वयंपाकघराला मानवेलच असे नाही, हे इथे अगदी शब्दशः खरे ठरते.

चीनमध्ये ही प्रक्रिया वगळली गेली आणि त्यातून एक विलक्षण शोध लागला. कच्चे सरकी तेल खाणाऱ्या खेड्यांत मुले होईनात, असे 1950 च्या दशकात लक्षात आले. कारण गॉसिपॉल निघाले, तेव्हा 1970 च्या दशकात तिथे पुरुषांसाठी गर्भनिरोधक गोळी म्हणून 8000 हून अधिक जणांवर त्याची चाचणी झाली. गोळी परिणामकारक होती, पण काहींच्या रक्तातले पोटॅशियम घसरले आणि काहींची प्रजननक्षमता परत आलीच नाही. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनेही हा मार्ग सोडून देण्याचा सल्ला दिला.

तेच द्रव्य नंतर कर्करोगाच्या प्रयोगशाळेत पोचले. पेशीला मरण्यापासून वाचवणारी बीसीएल-2 गटातील प्रथिने कर्कपेशींत अनेकदा प्रमाणाबाहेर असतात; गॉसिपॉल त्यांना चिकटून त्यांचे काम अडवते. त्याची दोन रूपे एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असतात, त्यांपैकी अधिक प्रभावी असलेले ऋण रूप 'एटी-101' या नावाने प्रोस्टेटच्या कर्करोगावर तपासले गेले. संप्रेरक रोखूनही वाढत राहिलेल्या रोगाच्या 23 रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष 2009 मध्ये आले. मोजक्या रुग्णांत रोगाचा माग दाखवणारे रक्तातले पीएसए हे प्रथिन उतरले, काहींना आतड्यात अडथळा झाला. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेली मोठी चाचणी 221 रुग्णांची होती. सर्वांना डोसिटॅक्सेल हे केमोथेरपीचे औषध आणि प्रेडनिसोन हे स्टेरॉइड देऊन अर्ध्यांना सोबत एटी-101 आणि अर्ध्यांना निष्क्रिय गोळी दिली गेली. जगण्याचा मध्यक पहिल्या गटात 18.1 महिने, दुसऱ्यात 17.8, म्हणजे सरकीच्या द्रव्याने भर पडली नाही.

या चाचणीतले डोसिटॅक्सेलही झाडाचेच. फ्रान्समध्ये प्येर पोत्ये यांच्या चमूने युरोपीय यू वृक्षाच्या सुईसारख्या पानांतल्या द्रव्यापासून ते बनवले. प्रोस्टेटच्या पुढच्या टप्प्यातील कर्करोगात त्याने आयुष्य वाढते हे सिद्ध झाल्यावर 2004 मध्ये अमेरिकेत त्याला या रोगासाठी मान्यता मिळाली. तेव्हा वनस्पतिजन्य औषध म्हणून गॉसिपॉल हरले, वनस्पती हरल्या नाहीत. कच्ची सरकी किंवा तिचे कच्चे तेल खाणे मात्र या साऱ्या संशोधनातून कुठल्याही प्रकारे उपचार ठरत नाही.

दुसरीकडे गॉसिपॉल बियातून हटवण्याचीही खटपट चालू होती. ग्रंथीच नसलेली कपाशी 1950 च्या दशकात अमेरिकेत तयार झाली, पण झाड उघडे पडल्याने किडींनी ती फस्त केली. टेक्सास ए अँड एम विद्यापीठात कीर्ती राठोड यांनी 2006 मध्ये जनुक दाबण्याच्या तंत्राने फक्त बियातले गॉसिपॉल कमी केले; पाने आणि बोंडांतले तसेच राहू दिले. या वाणाला अमेरिकी कृषी खात्याने 2018 मध्ये लागवडीची मोकळीक दिली आणि 2019 मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने त्याची सरकी माणसाच्या आहारात वापरायला हरकत नसल्याचे कळवले.