खटका : एका किल्लीची आणि रखडलेल्या रिकॉलची गोष्ट



या मालिकेत आपण बहुतेक वेळा किल्ल्यांबद्दल बोलतो. आज किल्लीबद्दल बोलायचं आहे. मोटारीच्या किल्लीबद्दल. इंदूर, बडोदा, बेळगाव, हैदराबाद, तुम्ही कुठूनही वाचत असाल, दारात गाडी असेल तर हा इतिहास तुमच्या कामाचा आहे. घडला तो अमेरिकेत, जनरल मोटर्स या कंपनीत, साधारण २००२ ते २०१४ या काळात.

आधी यंत्र समजून घेऊ. किल्ली फिरवली की ती ठराविक जागी 'टक्' करून थांबते. बंद, मग अ‍ॅक्सेसरी, म्हणजे रेडिओ वाजतो पण इंजिन नाही, मग चालू, आणि त्यापुढे स्टार्ट. हा जो 'टक्' आहे, तो खटका. इग्निशन स्विचच्या आत एक बारीक दांडी असते, तिच्यामागे स्प्रिंग. दांडी खाचेत बसते आणि किल्ली आपल्या जागेवर धरून ठेवते. स्प्रिंग कमजोर असेल, दांडी आखूड असेल, तर खटका ढिला पडतो. मग गुडघा लागला, किंवा जुडग्यात घर, ऑफिस आणि कपाट अशा दहा किल्ल्या लटकत असताना खड्डा आला, की किल्ली 'चालू'वरून 'अ‍ॅक्सेसरी'वर घसरते. धावत्या गाडीचं इंजिन बंद. पॉवर स्टिअरिंगची मदत गेली, दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेकही जड झाला. आणि सर्वांत वाईट म्हणजे त्या गाड्यांमध्ये किल्ली 'चालू'वर नसेल तर एअरबॅगही उघडत नव्हती. म्हणजे ज्या दोषामुळे गाडी झाडावर जाणार, तोच दोष झाडावर आदळताना तुमची ढाल काढून घेणार.

हा स्विच २००२ मध्ये मंजूर झाला. किल्ली फिरवायला किमान किती जोर लागला पाहिजे, याचं माप कंपनीनेच कागदावर ठरवलं होतं. पुरवठादार डेल्फाय कंपनीचा माल त्या मापात बसत नव्हता. तरीही जबाबदार इंजिनियरने मंजुरी दिली. या स्विचच्या इतर इलेक्ट्रिकल अडचणींनी तो इतका वैतागला होता, की एका ईमेलखाली सही करताना त्याने 'नरकातल्या या स्विचला कंटाळलेला' असं स्वतःचं वर्णन केलं. पण माल पुढे गेला. आधी सॅटर्न आयन, मग शेवरले कोबाल्ट आणि त्यांच्या भावंडांमध्ये तो बसला.

तक्रारी लगेच सुरू झाल्या. २००५ मध्ये तर वर्तमानपत्रांत गाडीची परीक्षणं लिहिणाऱ्यांनीही लिहिलं की गुडघा लागला आणि गाडी बंद पडली. कंपनीचं उत्तर काय? गाडी बंद पडली तरी हाताळता येते, सबब धोका नाही. आतल्या कागदांवर या तक्रारीला 'ग्राहकाची गैरसोय' असा शिक्का बसला.

इथे थोडं थांबू, कारण सगळा इतिहास या शिक्क्यात आहे. गैरसोय म्हटलं की फाइल एका टेबलावर जाते, सुरक्षेचा दोष म्हटलं की दुसऱ्या. गैरसोयीत खर्चाचा हिशेब मांडता येतो. तसा तो मांडला गेला आणि सुचवलेले उपाय 'व्यवहारात बसत नाहीत' म्हणून बाजूला ठेवले गेले. पुढे संसदेच्या सुनावणीत एका भागाची किंमत सांगितली गेली : ५७ सेंट. तेव्हाच्या आपल्या ३५ रुपयांच्या आसपास. शिक्का मारणारे सगळे दुष्ट होते, असं मला वाटत नाही. किल्ली घसरली की एअरबॅगही मरते, हेच त्यांच्यातल्या अनेकांना ठाऊक नव्हतं. स्वतःच्या कंपनीने बांधलेली गाडी त्यांना पुरती माहीत नव्हती. स्विचवाला स्विच बघतो, एअरबॅगवाला एअरबॅग, दोघांच्या मध्ये जी वायर जाते ती कोणाचीच नाही.

डिसेंबर २००५ मध्ये डीलरांना एक पत्रक गेलं. ग्राहक तक्रार घेऊन आला तर त्याला जुडग्यातलं ओझं कमी करायला सांगा आणि किल्लीच्या लांबट भोकात बसणारा एक छोटा तुकडा द्या. त्या पत्रकात गाडी 'बंद पडते' हा सरळ शब्द टाळला होता, कारण त्या शब्दाने सरकारी खात्याचे कान टवकारले असते. शब्दांची भीती किती होती, ते पुढे उघड झालं. २००८ च्या एका प्रशिक्षणात कर्मचाऱ्यांना सुमारे ७० शब्द आणि वाक्प्रयोग लिहायचे टाळा म्हणून सांगितले होते. त्यात 'दोष' होता, 'सुरक्षा' होता. दोषाऐवजी 'रचनेप्रमाणे काम करत नाही' असं लिहायचं. आम्ही फौजेत रिपोर्ट लिहायला शिकलो तेव्हा पहिला धडा उलटा होता : पूल तुटला असेल तर तुटला लिहा, वरच्याला काय वाटेल ते तो बघेल. वरच्याने त्या एका शब्दावर गाड्यांचा काफिला वळवायचा असतो.

आता या गोष्टीतला सर्वांत विचित्र भाग. एप्रिल २००६ मध्ये त्याच इंजिनियरने स्विच सुधारायला मंजुरी दिली. दांडी लांब, स्प्रिंग जास्त ताकदीची. म्हणजे दोष दूर झाला! पण पार्ट नंबर तोच ठेवला. गाजावाजा नाही, नोंद नाही.

ज्यांनी कधी स्टोअर सांभाळलं आहे, त्यांच्या अंगावर इथे काटा येईल. माझ्या नोकरीत ईएमईच्या वर्कशॉपमध्ये मी सुभेदार साहेबांना एका वॉशरवरून स्टोअरकीपरची हजेरी घेताना पाहिलं आहे. तेव्हा हसू यायचं. पण पार्ट नंबर म्हणजे त्या वस्तूचं नाव, गाव आणि कुंडली. जुन्या आणि नव्या दांडीला एकच नंबर दिला की कोणत्या गाडीत कोणता स्विच आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. पुढे कंपनीचेच तपास करणारे लोक चक्रावले. २००८ नंतरच्या गाड्यांमध्ये हा त्रास अचानक कमी का झाला? स्विच तर बदललेला नाही, कागदावर नंबर तोच आहे! अशी काही वर्षं गेली.

या वर्षांत माणसं मरत होती. २००६ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात एका कोबाल्टच्या अपघातात दोन तरुण मुली गेल्या. तपास करणाऱ्या राज्य पोलिसाने २००७ च्या सुरुवातीला अहवालात स्वच्छ लिहिलं की किल्ली 'अ‍ॅक्सेसरी'वर होती आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. त्याने कंपनीचं ते डीलरांना गेलेलं पत्रकही शोधून जोडलं. कोट्यवधींचा पगार घेणाऱ्या कचेऱ्यांना जे सुचलं नाही, ते महामार्गावरच्या एका हवालदाराने दोन गोष्टी शेजारी ठेवून दाखवलं. तो अहवाल कंपनीच्या फायलीत आला होता. वाचून त्यावर कृती मात्र कोणी केली नाही. सरकारी सुरक्षा खात्यानेही २००७ मध्ये चौकशी उघडायचा प्रस्ताव समोर आला असताना तो सोडून दिला. दोष एकट्या कंपनीच्या माथी मारून खातं सुटू शकत नाही.

गाठ सुटली ती एका आई-वडिलांच्या चिकाटीमुळे. मार्च २०१० मध्ये जॉर्जिया राज्यात एका २९ वर्षांच्या परिचारिकेची कोबाल्ट बंद पडून अपघात झाला आणि ती गेली. गाडी वाटेत बंद पडते म्हणून काही दिवसांपूर्वीच तिने ती डीलरकडे नेली होती. आई-वडिलांच्या वकिलाने एक स्वतंत्र इंजिनियर नेमला. त्याने जुन्या गाडीचा स्विच उघडला, मग दुकानातून त्याच नंबरचा नवा कोरा स्विच विकत आणला आणि दोन्ही शेजारी ठेवले. नव्याची दांडी लांब होती. बस. एवढाच शोध. २०१३ मध्ये कंपनीच्या इंजिनियरला शपथेवर ते दोन भाग दाखवले, तेव्हा आपण असा बदल मंजूर केल्याचं त्याने नाकारलं. त्याच्या सहीचा कागद नंतर सापडला.

फेब्रुवारी २०१४ मध्ये रिकॉल जाहीर झालं. आधी ७ लाख ८० हजारांच्या आसपास गाड्या, त्याच महिन्यात आकडा १६ लाखांवर, मार्चअखेर २६ लाख. शेवटची वाढ का झाली ते नीट पाहा. सुमारे ९५ हजार जुने दोषी स्विच सुट्या भागांच्या बाजारात गेले होते. नंबर एकच असल्यामुळे ते कोणत्या गाडीत बसले हे ओळखता येईना. म्हणून नंतरच्या वर्षांच्या, मुळात निर्दोष स्विच घेऊन जन्मलेल्या लाखो गाड्यासुद्धा परत बोलवाव्या लागल्या. २००६ मध्ये नंबर बदलला असता तर हे टळलं असतं.

आणि रिकॉल जाहीर होणं म्हणजे दुरुस्ती होणं नव्हे. बोलावणं आलं, पण स्विच कुठे आहेत? जुन्या मॉडेलचा भाग, त्याचं उत्पादन पुन्हा उभं करायचं होतं. बदली भाग एप्रिलपासून यायला लागले आणि काम ऑक्टोबरपर्यंत संपवायचं आश्वासन मिळालं. तोपर्यंत मालकाने काय करायचं? जुडग्यातून बाकी सगळं काढा आणि एकटी किल्ली लावून चालवा, असा सल्ला. २००५ च्या पत्रकातलाच, नऊ वर्षांनी. मागणाऱ्यांना डीलरकडून तात्पुरती गाडी मिळत होती, पण ती मागावी लागत होती. दुरुस्ती होईपर्यंत गाड्या उभ्या करायचा आदेश द्या, म्हणून काही मालक टेक्ससच्या न्यायालयात गेले. न्यायाधीशांनी एप्रिलमध्ये नकार दिला. रोज साठ किलोमीटर कामावर जाणाऱ्या आणि दुसरी गाडी नसलेल्या माणसाने ते महिने कसे काढले असतील, याचा विचार करा.

मेरी बारा तेव्हा कंपनीच्या नव्या प्रमुख होत्या, जेमतेम काही आठवड्यांच्या. १ एप्रिल २०१४ रोजी त्या संसदीय समितीसमोर बसल्या आणि दहा वर्षं का लागली, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. ते शोधायला अँटन वालुकास या वकिलांना नेमलं. त्यांच्या जूनमधल्या तीनशेहून जास्त पानांच्या अहवालात दोन शब्द आहेत, जे मी प्रत्येक तरुण अधिकाऱ्याला वाचायला देईन. एक 'जीएम होकार' : बैठकीत सगळ्यांनी मान डोलवायची आणि बाहेर पडल्यावर कोणीच काही करायचं नाही. दुसरा 'जीएम सॅल्यूट' : दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन बोटं दोन्हीकडच्या लोकांकडे दाखवायची, म्हणजे जबाबदारी त्याची, माझी नाही. ३५ वर्षं सॅल्यूट ठोकलेल्या माणसाला हा सॅल्यूट वाचून काय वाटलं, ते सांगायला नको.

१५ जणांना काढलं गेलं. सरकारी खात्याने साडेतीन कोटी डॉलरचा दंड केला, त्या वेळी कायद्याने घेता येणारा तो कमाल दंड होता. २०१५ मध्ये फौजदारी खटल्यातून सुटण्यासाठी कंपनीने ९० कोटी डॉलर भरले. मृतांचा आकडा कंपनी सुरुवातीला १३ सांगत होती. तिच्याच भरपाई निधीचं काम पाहणाऱ्या केनेथ फाइनबर्ग यांनी अर्ज तपासून मान्य केलेला आकडा १२४ झाला.

आता आपल्याकडे येऊ. हीच कंपनी आपल्या हलोलला आणि पुण्याजवळ तळेगावला गाड्या बनवत होती. गावोगावच्या वडापवाल्यांची लाडकी टवेरा तिचीच. जुलै २०१३ मध्ये धुराच्या मापांवरून १ लाख १४ हजार टवेरा परत बोलवाव्या लागल्या. जुलै २०१५ मध्ये स्पार्क, बीट आणि एन्जॉय मिळून १ लाख ५५ हजार गाड्या, रिमोटने दार उघडणाऱ्या इलेक्ट्रिकल यंत्रणेतल्या दोषासाठी. त्यात २००७ सालापासूनच्या गाड्या होत्या. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतात गाड्या विकणंच थांबवलं.

तेव्हा आपल्याकडे रिकॉलचा कायदा नव्हता. २०१२ पासून उत्पादकांच्या संघटनेची स्वेच्छेची आचारसंहिता होती, इतकंच. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये ११०-अ हे कलम आलं आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. आता पुरेशा मालकांनी सरकारी पोर्टलवर एकच दोष नोंदवला तर सरकार चौकशी करून कंपनीला गाड्या परत बोलवायला भाग पाडू शकतं. 'पुरेशा' म्हणजे किती, ते त्या गाडीच्या वार्षिक विक्रीवर ठरतं. म्हणून गाडी चालता चालता बंद पडली, मीटरचे दिवे गेले, वायर जळाल्याचा वास आला, तर मेकॅनिककडून जुगाड करून विसरू नका, नोंदवा. सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. 'जनरल चेकअप' असं लिहू देऊ नका. बदललेला जुना भाग मागून घ्या, त्याच्यावरचा नंबर पाहा.

या नियमात एक गोष्ट मला खटकते. तो फक्त सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांना लागू आहे. पहिली कोबाल्ट २००४ च्या अखेरीस रस्त्यावर आली आणि रिकॉल २०१४ मध्ये झालं. आपला नियम तिथे असता, तर ती गाडी दोष सिद्ध व्हायच्या आधीच त्यातून बाहेर पडली असती. आणि आपल्याकडे दहा वर्षं जुनी गाडी म्हणजे भंगार नसतं. ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या दारात असते, ज्याचा पत्ता कंपनीकडे नसतो.