भास्कर (नामसाम्य)

भास्कर : प्राचीन व मध्ययुगीन भारतातील अनेक ग्रंथकारांचे नाव. त्यांपैकी दोघे गणिती असल्याने एकाचे कार्य दुसऱ्याच्या नावे नोंदले जाते. ‘पहिला’ व ‘दुसरा’ हे क्रमांक आधुनिक अभ्यासकांनी लावले आहेत. (भास्कर-१ व भास्कर-२ ही १९७९ व १९८१ मध्ये सोडलेल्या भारतीय उपग्रहांचीही नावे आहेत.)

पहिला भास्कर (सातवे शतक) : आर्यभटाचा भाष्यकार. ‘आर्यभटीयभाष्य’ इ. स. ६२९ मधले, ‘महाभास्करीय’ व ‘लघुभास्करीय’ हे त्याचे अन्य ग्रंथ. त्याचा प्रदेश काही जण अश्मक, तर काही सौराष्ट्र मानतात. कोष्टकाशिवाय ज्या (साइन) काढण्याची त्याची रीत अशी : अंशांतील कोन १८० मधून वजा करून बाकीला त्याच कोनाने गुणावे; गुणाकाराच्या चौपटीला, ४०,५०० मधून तो गुणाकार वजा करून उरणाऱ्या संख्येने भागावे. ३० अंशांना उत्तर नेमके १/२ येते. ० ते १८० अंशांत चूक कोठेही ०.००२ च्या वर जात नाही. हे सूत्र दुसऱ्या भास्कराच्या नावे सांगणे अन्यायाचे आहे; म्हणून उल्लेख करताना ग्रंथाचे नाव अवश्य द्यावे. पहिल्या भास्कराच्या ग्रंथांचे अध्ययन केरळात विशेष टिकून राहिले.

दुसरा भास्कर (जन्म १११४) : ‘भास्कराचार्य’ म्हणून प्रसिद्ध. पिता व गुरू महेश्वर. ‘सिद्धान्तशिरोमणि’ (११५०) वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ‘करणकुतूहल’ ११८३. ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ यांची गणना बहुधा ‘सिद्धान्तशिरोमणी’तच होते. जिच्या वर्गाची ६१ पट करून १ मिळवल्यास पुन्हा वर्गच मिळतो, अशा संख्येचे २२,६१,५३,९८० हे उत्तर त्याने चक्रवाल (पुनरावर्ती) रीतीने काढले. विज्जडविड हे त्याचे गाव सह्याद्रीलगत होते, एवढे त्यानेच सांगितले आहे. स्थाननिश्चितीबाबत एकमत नाही. लीलावती ही त्याची मुलगी, ही कथा ‘लीलावती’च्या फैजीकृत फार्सी भाषांतरात (१५८७) आढळते.

पाटण शिलालेख : चाळीसगावजवळच्या पाटण येथील हा लेख भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. शके ११२८ च्या या लेखानुसार (ग्रहणावरून ९ ऑगस्ट १२०७) भास्कराचार्याचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला व निकुंभ वंशातील सोइदेवाने त्याला दान दिले. चंगदेव यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. त्याचे वडील लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने पाटणहून नेले होते. वंशावळीत त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, भास्कर असा क्रम येतो. म्हणजे या घराण्यातच आणखी एक भास्कर होता. त्याला भोजराजाकडून ‘विद्यापती’ ही पदवी मिळाली होती. लेख मुख्यतः संस्कृतात असला तरी अखेरच्या ओळी मराठी आहेत. प्रत्येक घाण्यामागे मठाला पळीभर तेल द्यावे, असे त्यांत म्हटले आहे. गणिताच्या अध्ययनाचा खर्च बाजारपेठेने उचलल्याचा असा लेखी पुरावा फार मोलाचा आहे.

अन्य : ब्रह्मसूत्रांवर भेदाभेदवादी भाष्य लिहिणारा भास्कर, ‘अर्थसंग्रह’कार लौगाक्षी भास्कर, ‘शिशुपालवध’ रचणारे महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकर, ललितासहस्रनामाचा भाष्यकार भास्करराय, नागपूरकर भोसल्यांचा सेनानी भास्करराम कोल्हटकर (मृत्यू १७४४, बंगाल).