आधी काठ, मग अंग

भरतनाट्यमचं अरंगेत्रम, म्हणजे नर्तकीचं रंगमंचावरचं पहिलं एकल सादरीकरण, ठरलं की घरात रंगांची चर्चा सुरू होते. डाळिंबी घ्यावा की मोरपिशी, राणी की चिंतामणी? खरं तर निवडायची असते ती जोडी, साडीच्या अंगाच्या आणि काठाच्या रंगाची. ही जोडी कांचीपुरमच्या मागावरून आली. ज्या शिवलेल्या पोशाखात आपण ती आज पाहतो, त्याला मात्र अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत.

त्याआधी देवदासी साडी नेसूनच नाचत आणि नर्तकी बालसरस्वतींनी तर पुढेही साडीच नेसली. शिवलेला पोशाख रूढ केला तो रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी. १९३५ च्या डिसेंबरात अड्यारला, थिऑसॉफिकल सोसायटीच्या हीरकमहोत्सवात, त्या लोकांसमोर नाचल्या. मंदिरांतली शिल्पं समोर ठेवून त्यांनी पोशाख आखला आणि मादाम काझान या इटालियन बाईंनी तो शिवायला मदत केली. पुढे कलाक्षेत्र या आपल्या संस्थेत त्यांनी मागही बसवले आणि जुने रंग, जुने काठ पुन्हा विणून घेतले. माझ्या मते ही दुसरी कामगिरी पहिलीइतकीच मोठी आहे.

कारण सगळी गंमत काठात आहे. कांचीपुरमच्या कोर्वई विणीत अंगाचा धोटा वेगळा आणि दोन्ही काठांचे वेगळे, असे तीन धोटे चालतात. एका माणसाला हे आवरत नाही, म्हणून बाजूला मदतनीस बसतो. दर फेरीला काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवायचा. त्यामुळे पिवळ्या अंगाला लाल काठ लागतो तो अगदी धारदार रेघेनं, एक रंग दुसऱ्यात मिसळत नाही. ही साडी कापून शिंपी तिचा काठ निऱ्यांच्या पंख्याला लावतो. नर्तकी उभी असते तेव्हा पंखा मिटलेला असतो. तिनं गुडघे बाहेर वळवून अरमंडी घेतली की तो उघडतो आणि काठाची कमान दिसते. काठ अंगात विरून जाणारा असेल, तर शेवटच्या रांगेतल्या माणसाला ती कमान दिसतच नाही.

आज अरंगेत्रमला दोन पोशाख लागतात ते कार्यक्रमाच्या क्रमामुळे, आणि तो क्रम तंजावरच्या मराठी दरबारातला. सुरुवातीच्या अलारिप्पूपासून शेवटच्या तिल्लान्यापर्यंतचा हा क्रम बसवला तो चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी, आणि त्यांना दुसऱ्या सरफोजीराजांचा आश्रय होता. या क्रमात मध्यावर वर्णम येतं, सगळ्यांत लांब आणि दमवणारं. आज बहुतेक मुली त्यानंतर पोशाख बदलतात. म्हणून पहिली जोडी ठसठशीत घ्यावी, लाल-पिवळी किंवा हिरवी-डाळिंबी. पदम आणि जावळी या नंतरच्या अभिनयप्रधान रचनांत नजर चेहऱ्यावर राहायला हवी, तेव्हा दुसरी जोडी सौम्य चालते.

रंगमंचावरचे दिवेही रंग बदलतात. निळ्या झोतात लाल रंग काळपट होतो. तेव्हा पालकांनो, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली निर्णय घेऊ नका. साडी कापायला देण्याआधी काठाच्या निऱ्या हातात धरा, सभागृहाच्या दिव्यांत शेवटच्या रांगेतून पाहा, आणि जिला त्या रंगात दोन तास नाचायचं आहे, तिला आधी विचारा.