वीरचित्रें आणि राजसत्ता

जपानांतील लांकडी ठशांवर छापलेलीं सामुराई वीरांचीं चित्रें पाहतांना तीं रणधुमाळीच्या काळांतच काढलीं असावींत असा प्रथम भास होतो. वस्तुस्थिति उलट आहे. तोकुगावा घराण्याच्या अमलांत सुमारें अडीचशें वर्षें देशांत शांतता नांदली. सामुराई कारकुनी करूं लागला. आणि एदो शहरांतील दुकानदार व कारागीर त्याचें चित्र थोडक्या पैशांत विकत घेऊं लागले.

परंतु नजीकच्या इतिहासांतील वीरांचीं खरीं नांवें सत्तेस खपत नसत. ज्या हिदेयोशीच्या वंशाचा उच्छेद करून तोकुगावा सत्ता स्थिरावली, त्याचीं चित्रें काढल्याबद्दल १८०४ सालीं उतामारो ह्या नामांकित चित्रकाराचे हात पन्नास दिवस जखडून ठेवण्यांत आले. पळवाट मात्र लोकांस ठाऊक होती. १७०३ सालीं धन्याचा सूड घेणाऱ्या सत्तेचाळीस सामुराईंची कथा १७४८ च्या बाहुलीनाट्यानें चौदाव्या शतकांत नेऊन बसविली होती, व त्यांचा पुढारी ओइशी हा ओबोशी झाला होता. कुनियोशीनें १८४७ च्या सुमारास ह्याच वीरांची चित्रमाला काढली, तींतहि नांवें बदललेलींच आहेत. पाहणारा खरें नांव मनांत उच्चारी.

आमच्याकडे काय घडलें? साताऱ्याची गादी १८४८ सालीं खालसा झाली. पुढें तीस वर्षांनीं विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनीं पुण्यास चित्रशाळा स्थापिली, आणि देवादिकांच्या शेजारीं शिवछत्रपति व नाना फडणीस घरोघरच्या भिंतींवर आले. येथें भूतकाळाचीं नांवें उघड होतीं. झांकावें लागे तें वर्तमानाचें. सांगलीस जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनीं १९०७ सालीं रंगभूमीवर कीचक आणिला, प्रेक्षकांनीं त्यांत लॉर्ड कर्झन ओळखला, आणि १९१० सालीं सरकारनें नाटकावर बंदी घातली. जपानांत कालचा वीर जुन्या युगाच्या आड उभा राहिला. महाराष्ट्रांत आजचा राज्यकर्ता पुराणाच्या आड.

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच कीं, वीरचित्रावरून त्या वीराच्या काळाचा इतिहास रचूं पाहणारा बहुधा फसेल. चिलखत व तलवार ह्यांच्याआधीं त्यानें छपाईचें साल पाहावें, आणि त्या सालीं कोणतें नांव उच्चारण्याची मनाई होती हें विचारावें. आपलीं मुलें इतिहासाचा पहिला धडा भिंतीवरील तसबिरींतूनच घेतात. तेव्हां हा प्रश्न त्यांस घरींच शिकविलेला बरा.