ब्रेकची हवा

परवा नांदेडहून धाकट्या भावाचा फोन आला. त्याच्या मुलाने जुनी गाडी घेतली आहे, आणि गॅरेजवाला म्हणतो आधी ब्रेक ऑइल बदला. "दादा, ब्रेक तर चांगले लागतात. मग चांगलं तेल कशाला फेकायचं?" असा त्याचा सवाल. मला हसू आले, कारण हाच सवाल मी लातूरला आमच्या उस्तादला केला होता. त्याने बदल म्हटले, मी पुढच्या महिन्यात बघू म्हटले. मास्तरच्या पगारात सेकंडहँड पद्मिनी पोसायची म्हणजे बरेच काही पुढच्या महिन्यावर जायचे.

मग १९९८ च्या मे महिन्यात बीडला लग्नाला निघालो. अंबाजोगाई, केज मागे पडले. मांजरसुंबा घाट उतरताना, गाडीत सौ., दोन मुले आणि आमची आई असताना, ब्रेकचे पायडल एकाएकी मऊ पडले आणि खाली टेकले. पंप मारला तरी तेच. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, गाडी डोंगराच्या अंगाला घेतली. थांबली एकदाची. आई मागे रामरक्षा म्हणत होती. अर्ध्या तासाने भीत भीत पाय ठेवून पाहिला तर पायडल पुन्हा कडक! जणू काही झालेच नव्हते.

परत आल्यावर उस्तादला सांगितले. तो म्हणाला, "गुर्जी, तुमच्या तेलानं पाणी पेलं."

पुढे मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. मी बी.ए., तेही मराठी माध्यमाचा. पण शाळेत विज्ञानाचे सर रजेवर गेले की त्यांचा तास माझ्याकडे यायचा. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकातल्या पास्कलचा नियम मी पोरांकडून घोकून घेतला होता. आपल्या पायाखाली तोच नियम काम करतो हे मात्र ठाऊक नव्हते.

पूर्वीच्या मोटारींचे ब्रेक दांड्यांनी आणि तारांनी ओढले जात. एका चाकाची तार सैल, दुसऱ्याची घट्ट, की गाडी एका अंगाला ओढलीच. अमेरिकेत माल्कम लॉकहीड याने तारेऐवजी नळीतून द्रव पाठवण्याची युक्ती काढली. विमानांच्या कारखान्यामुळे जे लॉकहीड नाव आपण ऐकतो, त्या अॅलनचा हा भाऊ. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग या महागड्या गाडीच्या चारही चाकांना असे ब्रेक आले. १९२४ मध्ये ख्राइसलरने ते जरा आवाक्यातल्या गाडीत आणले. फोर्डने मात्र १९३९ पर्यंत वाट पाहायला लावली.

गंमत पुढेच आहे. त्या काळातल्या ब्रेकच्या द्रवात बरेचदा एरंडेल असायचे, अल्कोहोलमध्ये मिसळलेले! कारण खनिज तेलाने रबरी वायसर फुगतात, एरंडेलाने तसे होत नाही. आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानात एरंडी भरपूर पिकायची. लहानपणी महिन्यातून एकदा नाक दाबून आम्हाला पाजले जायचे ते हेच एरंडेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर एरंडेल मागे पडले आणि ग्लायकॉलच्या जातीचे द्रव आले. आपण सवयीने त्यालाही तेलच म्हणतो. ते जास्त उष्णता सोसतात, पण हवेतली ओल शोषतात. डॉट ३ जातीचे नवे तेल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा १४० वर येते. घाटात ब्रेक तापले, तेल उकळले, नळीत वाफ झाली. द्रव दाबला जात नाही म्हणून तो दाब पोहोचवतो. वाफ मात्र दाबली जाते, म्हणून पायडल खाली बसले. गार झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी झाले आणि पायडल कडक! त्या दिवशी आम्हाला तारले ते जुन्या पद्धतीच्या तारेवर चालणाऱ्या हँडब्रेकने.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर कंपनीची ती कुर्ल्याची गाडी. चारही चाकांना ड्रम. उस्तादने अंगणातच तेल बदलून दाखवले आणि पुढच्या वेळेपासून आम्ही दोघे ते करू लागलो. सौ. पायडलवर, मी चाकापाशी. डब्यात नवे तेल सतत भरलेले ठेवायचे, नाहीतर हवा शिरते. सगळ्यात लांबचे चाक आधी, म्हणजे मागचे डावे. मग मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. निप्पलला पारदर्शक नळी, तिचे टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेले.

"दाब!"

"दाबलं."

मी निप्पल सैल करायचा. काळपट तेल आणि बुडबुडे बाहेर.

"अहो, पायडल खाली गेलं. सोडू का?"

"थांब! आधी घट्ट करू दे."

सगळी मेख इथे आहे. निप्पल बंद होण्याआधी पाय उचलला की हवा परत आत. संसारात माझे "थांब" सौ.ने ऐकले ते एवढ्याच कामात. स्वच्छ तेल येईपर्यंत हे चालायचे. तेल रंगावर सांडले की रंग जातो, म्हणून शेजारी पाण्याची बादली.

भावाला म्हटले, आता तू घरी करू नकोस. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे, आणि अशा काही गाड्यांची हवा काढायला यंत्र जोडावे लागते. गॅरेजवाल्यालाच करू दे, पण दर दोन वर्षांनी कर. डब्यावर जी जात लिहिली आहे तीच घाल, आणि फोडलेली जुनी बाटली वापरू नको.

"पण ब्रेक तर लागतात," तो पुन्हा म्हणाला.

मी त्याला घाट सांगितला. आई गाडीत होती हे त्याला माहीतच नव्हते. तिने कधी सांगितले नाही, मीही नाही. थोडा वेळ गप्प राहून तो म्हणाला, "उद्याच पाठवतो गाडी."

असो. तुमच्या गाडीचे तेल शेवटचे कधी बदलले, आठवते का?